घडीचा चाकू ओळखायला शिकताना

आमच्या घरात दोन धारदार वस्तूंना मान होता. एक आजीचा पितळी मुठीचा अडकित्ता आणि दुसरा आजोबांचा घडीचा चाकू. आजोबा लालबागच्या एका गिरणीत हिशेबाच्या खात्यात कारकून होते. पेन्सिलीला टोक काढायला, पाकीट उघडायला, सुतळी कापायला तो चाकू कोटाच्या आतल्या खिशातून बाहेर यायचा आणि काम झालं की रुमालाने पुसून परत जायचा. आंब्याच्या फोडी करायला मागितला, तर म्हणायचे, "अरे, त्याला सुरी आहे ना घरात!" यामागचं कारण मला कळायला पुढची तीस वर्षं लागली.

या तीस वर्षांत एवढं नक्की कळलं, की घडीच्या चाकूचा प्रत्येक जुना नमुना कुणाच्या तरी रोजच्या कामातून घडलेला आहे. कारकून, खलाशी, गुराखी, माळी, शिपाई यांनी आपापल्या कामाला लागेल तसं पातं मागितलं आणि कारागिरांनी ते घडवलं. पात्याचा आकार वाचता आला की हातातला चाकू कुणासाठी बनला होता हे समजतं. नव्याने या छंदात येणाऱ्याला मी ज्या क्रमाने शिकवीन, त्याच क्रमाने पुढे लिहिलं आहे.

पायरी १ : आधी घरात शोधा

विकत घ्यायची घाई करू नका. शिवणाची पेटी, माळ्यावरची ट्रंक, देवघराखालचा खण, सगळं पाहा. गावाकडचं घर कोकणात असेल तर कलमं बांधायचा चाकू हमखास निघतो. हापूसची कलमं करणाऱ्याला काडीवर एकाच ओढीत सपाट, स्वच्छ काप हवा असतो. म्हणून त्या चाकूची धार सरळ असते, आणि काही चाकूंच्या मागच्या टोकाला साल उचलायची बोथट, चपटी जीभ असते.

जुना चाकू सापडला आणि उघडेना, तर पक्कड लावू नका. सांध्यावर शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब सोडा आणि रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी नखाने हळूच ओढा. पॉलिश पेपर तर लावूच नका. पात्याच्या बुंध्यावर बारीक शिक्का असतो आणि चाकूचा सगळा पत्ता त्या शिक्क्यातच असतो. चकाकी आणायच्या नादात मी एक शिक्का कायमचा घासून घालवला आहे. तो चाकू कुठला होता, हे आता कधीच कळणार नाही.

पायरी २ : कमान समजून घ्या

चाकू अर्धवट उघडून कडेने पाहा. मुठीच्या पाठीला पोलादाची एक लांब पट्टी दिसेल. ती कमान. पात्याचा बुंधा चौकोनी घडवलेला असतो. त्याची सपाट बाजू कमानीवर बसली की पातं थांबतं, आणि कोपरा कमानीवरून सरकताना कमान उचलली जाते. पातं पूर्ण उघडलं की कमान परत खाली बसते आणि 'टच्' असा आवाज येतो. मिटतानाही तसाच आवाज यायला हवा. जुने जाणकार चाकू डोळ्यांआधी कानाने पारखतात.

घडीचा चाकू कमानीच्या कितीतरी आधीचा आहे. ऑस्ट्रियातल्या हॉलस्टाट इथे सापडलेला हाडाच्या मुठीचा चाकू इसवी सनापूर्वी ६०० ते ५०० च्या सुमाराचा मानतात. रोमन लोकही घडीचे चाकू वापरत. पण त्यांच्यात पातं नुसतं खिळ्यावर फिरायचं. पाठीला कमान देण्याची पद्धत इंग्लंडमधल्या शेफील्डच्या कारागिरांनी सतराव्या शतकात रुजवली आणि तिथून आजचा घडीचा चाकू सुरू झाला.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. कमानीचा चाकू 'लॉक' होत नाही. कमान पात्याला फक्त धरून ठेवते. टोक कशात खुपसून जोर दिला तर पातं बोटांवर मिटेल. हा चाकू ओढून कापण्यासाठी आहे.

पायरी ३ : पाती वाचा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

लहान, अरुंद, टोकाशी निमुळतं पातं म्हणजे 'पेन' पातं. पेननाइफ हे नाव त्यावरूनच आलं. युरोपात हंसाच्या पिसाची लेखणी वापरत आणि लिहिता लिहिता ती बोथट झाली की पुन्हा तासावी लागे. आपल्याकडे मोडी लिहिणाऱ्याला बोरू तासायला चाकू लागे, तसंच ते. पुढे लोखंडी निब आली, पिसं गेली, पण पातं राहिलं आणि पेन्सिलीला टोक काढू लागलं. आजोबांच्या चाकूत एक मोठं, भाल्याच्या टोकासारखं पातं आणि समोरच्या बाजूला एक पेन पातं आहे. कारकुनाचा चाकू म्हणून त्याची ओळख तिथेच पटते.

धार अगदी सरळ, आणि पाठ टोकाशी वळून धारेला भेटते, ते 'शीपफूट', म्हणजे मेंढीच्या खुरासारखं. त्याला टोचणारं टोक नसतं. डोलणाऱ्या जहाजावर दोर कापताना तोल गेला तरी स्वतःला किंवा शेजारच्याला भोसकलं जाऊ नये, म्हणून खलाशांनी ते पसंत केलं. त्याचाच सडपातळ भाऊ 'लॅम्बफूट' शेफील्डकडे फार आवडता होता.

पाठीचा पुढचा भाग कापून काढल्यासारखा खोलगट असेल तर ते 'क्लिप' पातं. त्याचं टोक बारीक आणि नेमकं असतं. याउलट 'स्पे' पात्याला टोक जवळजवळ नसतंच. बैल-खोंड खच्ची करताना टोक चुकून खोल जाऊ नये, म्हणून ते मुद्दाम बोथट ठेवलं. कोयत्यासारखं आत वळलेलं पातं माळ्याचं, छाटणीचं.

पाती कळली की नमुने आपोआप उलगडतात. अमेरिकेतल्या गुरं पाळणाऱ्यांचा 'स्टॉकमन' पाहा. त्यात क्लिप, शीपफूट आणि स्पे अशी तीन पाती असतात, म्हणजे गोठ्यातली सगळी कामं एका मुठीत. 'ट्रॅपर'मध्ये दोन लांब पाती एकाच टोकाला, कातडी सोलणाऱ्यांसाठी. 'व्हिटलर' हा लाकूड कोरणाऱ्यांचा. त्याचं मोठं पातं एकाच वेळी दोन कमानींवर टेकतं, म्हणून जोर लावला तरी हलत नाही. 'कॅनू'ची मूठ होडीसारखी दिसते, म्हणून ते नाव.

'बार्लो'वर मात्र माझा विशेष जीव आहे. त्याची ओळख सोपी, मुठीच्या पुढच्या टोकाला लोखंडाचा लांबलचक भाग, ज्याला बोल्स्टर म्हणतात. शेफील्डच्या बार्लो घराण्याचं नाव सतराव्या शतकापासून या चाकूला चिकटलं आहे. सांध्यापाशी लोखंड जास्त असलं की चाकू स्वस्त असूनही दणकट होतो आणि गरीब माणसाच्या खिशात तो वर्षानुवर्षं टिकतो. अमेरिकेत पोरांच्या कितीतरी पिढ्या त्यावर वाढल्या.

पायरी ४ : गावं ओळखा

जुन्या चाकूंचा इतिहास म्हणजे काही मोजक्या गावांचा इतिहास. सुरुवात शेफील्डपासून करा, कारण मुंबईत हाती येणाऱ्या जुन्या चाकूंत शेफील्डचा माल वारंवार भेटतो.

तिथली कटलरांची, म्हणजे चाकू-सुऱ्या बनवणाऱ्यांची, संघटना १६२४ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाली. पुढे १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने मुशीत पोलाद वितळवण्याची पद्धत तिथे बसवली. त्याला हवी होती घड्याळाची चांगली स्प्रिंग, पण त्यातून शेफील्डला एकसारखं, निर्दोष पोलाद मिळालं.

आता यात मुंबई कुठे येते ते बघा. मुशीतलं पोलाद दक्षिण भारतात कितीतरी शतकं आधीपासून बनत होतं. इंग्रज त्याला 'वूट्झ' म्हणत. १७९४ मध्ये मुंबईत असलेले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला, रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. जॉर्ज पिअर्सन यांनी ते तपासून १७९५ मध्ये निबंध सादर केला. त्यात नोंद आहे, की अध्यक्षांच्या सांगण्यावरून लंडनचे कटलर स्टोडार्ट यांनी वूट्झच्या एका तुकड्याचा पेननाइफ घडवला आणि त्याची धार उत्तम पोलादाच्या चाकूइतकीच आली. हेच जेम्स स्टोडार्ट पुढे मायकेल फॅरेडेबरोबर पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग करत होते. आपल्या मुंबई बंदरातून गेलेलं पोलाद तपासायचं ठरलं, तेव्हा त्याचा घडवला काय, तर खिशातला चाकू! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी आजोबांचा चाकू काढून बराच वेळ हातात धरून बसलो होतो.

शेफील्डचा चाकू एका माणसाच्या हातून तयार होत नसे. लोहार पातं घडवायचा, साणवाला घासायचा, कटलर जोडायचा. छोट्या खोलीत स्वतःचं काम करणाऱ्या कारागिराला तिथे 'लिटल मेस्टर' म्हणत. साणवाल्यांचं आयुष्य फार वाईट असे. कोरड्या साणेची दगड-पोलादाची धूळ फुप्फुसात बसायची आणि माणसं तरुणपणीच जायची. या रोगाला 'ग्राइंडरचा दमा' असंच नाव पडलं होतं. कापसाच्या कणांनी खोकणारी माणसं मी चाळीत लहानपणापासून पाहिली, त्यामुळे हे वाचताना शेफील्ड मला लांबचं वाटलं नाही. फ्रान्समधल्या तिएर गावात तर साणवाले नदीवरच्या कारखान्यात फळीवर पालथे झोपून काम करत, आणि थंडीत ऊब मिळावी म्हणून पायांवर कुत्रा बसवत.

फ्रान्सचे दोन चाकू ओळखायलाच हवेत. 'लागिओल' हा एकोणिसाव्या शतकातला, कमानीवर माशी कोरलेला. गुरं पाळणाऱ्यांसाठी त्यात टोच्या आला आणि नंतर बाटलीचं बूच काढायचा स्क्रूही आला. दुसरा 'ओपिनेल', जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये सावोयच्या डोंगराळ भागात बनवलेला. लाकडी मूठ, एक पातं, एक खिळा, आणि कमान नाहीच. १८९७ पासून त्याची मापं १ ते १२ अशा क्रमांकांनी ओळखली जाऊ लागली. पातं घट्ट धरणारी फिरती रिंग १९५५ मध्ये आली.

स्वित्झर्लंडचा चाकू सगळ्यांना माहीत असतो, पण त्याची गोष्ट माहीत नसते. तिथल्या सैन्याला असा चाकू हवा होता, की ज्याने डबा उघडता येईल आणि नव्या रायफलचे स्क्रूही काढता येतील. पहिले चाकू जर्मनीतल्या सोलिंगेनहून आले. इबाखच्या कार्ल एल्सनरने १८९१ पासून ते स्वदेशात बनवायला घेतले. सोलिंगेनच्या स्वस्त मालापुढे तो जवळजवळ बुडालाच होता. मग १८९७ मध्ये त्याने अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू काढला. त्यातली युक्ती अशी, की एकच कमान दोन्ही बाजूंची हत्यारं धरते, त्यामुळे जाडी न वाढता हत्यारं वाढतात. आईचं नाव व्हिक्टोरिया, आणि न गंजणाऱ्या पोलादासाठी 'इनॉक्स', यातून पुढे व्हिक्टोरिनॉक्स हे नाव तयार झालं.

जपानमधल्या मिकी गावचा 'हिगोनोकामी' एकोणिसाव्या शतकाच्या शेवटचा. त्यात कमान नाही आणि रिंगही नाही. पात्याच्या बुंध्याला एक शेपटी असते, ती अंगठ्याने दाबून धरायची. तिथली शाळकरी मुलं याच चाकूने पेन्सिली तासत.

पायरी ५ : शिक्का वाचा

भिंग घ्या आणि पातं उजेडात तिरपं धरा. चांदणी आणि तिच्याशेजारी माल्टीज क्रॉस, म्हणजे टोकं दुभंगलेल्या चार हातांचा क्रूस, दिसला तर तो जोसेफ रॉजर्स अँड सन्सचा शिक्का. या कंपनीला १८२२ मध्ये राजघराण्याची सनद मिळाली. शिक्क्यात ताज आणि त्याच्या दोन बाजूंना 'व्ही' आणि 'आर' असेल तर काळ राणी व्हिक्टोरियाचा, म्हणजे १८३७ ते १९०१. आजोबांच्या चाकूवर 'जी' आणि 'आर' आहे. जॉर्ज राजाच्या काळातला, म्हणजे त्यांच्या नोकरीच्या वर्षांशी जुळणारा. 'आय', चांदणी, 'एक्स एल' असं दिसलं तर तो जॉर्ज वॉस्टनहोमचा.

देशाचं नावही पाहा. सोलिंगेनचा माल शेफील्डच्या नावाने खपवला जात होता. त्याला आळा घालायला ब्रिटनने १८८७ मध्ये मालावरच्या खुणांचा कायदा केला. अमेरिकेनेही १८९० च्या जकात कायद्याने देशाचं नाव सक्तीचं केलं. म्हणून 'इंग्लंड' असं कोरलेला चाकू साधारणपणे त्यानंतरचा समजायचा. आणि नावाजलेल्या शिक्क्यांची नक्कल नेहमीच होत आली आहे. अक्षरं वाकडी आणि उथळ असतील, चांदणी नीट पाडलेली नसेल, तर थांबा.

पायरी ६ : बाजारात जाण्याआधी कायदा

ही पायरी कुणी गाळू नये. शस्त्र नियमांनुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रात मोडतात. घरगुती, शेतीची, शास्त्रीय आणि औद्योगिक कामाची हत्यारं त्यातून वगळली आहेत. पण मुंबईत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली वेळोवेळी मनाईचे आदेश निघतात आणि त्यात चाकू बाळगण्यावरही बंदी येऊ शकते. म्हणून संग्रहातला चाकू घरात ठेवा. विकत घेतला तर कागदात गुंडाळून, पिशवीच्या तळाशी, पावतीसह थेट घरी आणा. मेट्रोत चाकू नेऊ नका, विमानात हातातल्या बॅगेत तर नकोच. खटका दाबून उघडणारा रामपुरी नवख्याने अजिबात घेऊ नये. या शहरात त्याची ओळख मारामारीचं हत्यार अशीच आहे आणि पोलीसही त्याच नजरेने पाहतील.

मुठीकडेही लक्ष द्या. शेफील्डच्या कितीतरी चाकूंना आपल्याकडच्या सांबराच्या शिंगाची मूठ असे. हस्तिदंताचीही असे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मुळे या दोन्हींची खरेदी-विक्री आज गुन्हा आहे. गुरांच्या हाडावर खाचा पाडून ते शिंगासारखं दिसेल असं करत. त्यावर भिंगातून बारीक छिद्रं दिसतात. शंका आली तर चाकू खाली ठेवा आणि पुढे चला.

पायरी ७ : चोरबाजार आणि नागदेवी

जुन्यासाठी भेंडीबाजारातला मटण स्ट्रीट, नव्या हत्यारांसाठी मस्जिद बंदराजवळची नागदेवी स्ट्रीट. शुक्रवारी पहाटे चोरबाजारात रस्त्यावर माल मांडतात. जुन्या खिळ्या-कुलुपांच्या ढिगात कधीकधी चाकू असतो. मटण स्ट्रीटवरची दुकानं निवांत पाहायची असतील तर शुक्रवार सोडून जा.

विक्रेत्याला आधी विचारा, "चाचा, खोलके देखू?" आणि मग माणसांकडे पाठ करून, सावकाश उघडा. पातं डावी-उजवीकडे हलतं का? उघडल्यावर कमान मुठीच्या पाठीशी सपाट बसते का? मिटल्यावर पातं मधोमध राहतं की कडेला घासतं? शेवटी पात्याची रुंदी पाहा. पातं बुंध्यापेक्षा खूपच बारीक झालं असेल तर ते वर्षानुवर्षं पाजवून झिजलेलं आहे. असा चाकू संग्रहात ठेवायला चालेल, वापरायला नाही. सांध्यावर साणेच्या ताज्या रेघा असतील तर कुणीतरी घाईने चमकवलाय. मी तो घेत नाही.

पहिला वापरायचा चाकू मात्र नवाच घ्या. लहान व्हिक्टोरिनॉक्स किंवा ८ क्रमांकाचा ओपिनेल. यांवर धार लावायला शिका. जुन्या चाकूवर हात बसवू नका.

पायरी ८ : पावसाळा आणि धार

साधं कार्बन पोलाद मुंबईच्या हवेत एका रात्रीत गंजतं. कैरी, लिंबू, कांदा यांच्या आंबटाने आणि रसाने ते निळं-काळं पडतं. आजोबा आंब्याला चाकू लावू देत नव्हते, त्याचं कारण हेच. त्या राखाडी थराने पात्याचं उलट थोडं रक्षणच होतं, त्यामुळे वापरायच्या चाकूवर तो येऊ द्या. लाल गंज मात्र लगेच पुसा.

मृग लागायच्या आधीच्या रविवारी मी सगळे चाकू बाहेर काढतो. सांध्यातली धूळ काडीने काढायची, कोरड्या फडक्याने पुसायचं, सांध्यात आणि पात्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्यायचा. खोबरेल नको, ते चिकट होतं आणि त्याला वास येतो. फळ कापायच्या आधी तेल पुसून टाका. चामड्याच्या म्यानात चाकू साठवू नका, चामडं ओल धरतं. जुन्या सेल्युलॉइडच्या मुठी असतील तर त्या वेगळ्या डब्यात ठेवा. सेल्युलॉइड कुजताना निघणारा वायू शेजारच्या चांगल्या चाकूंनाही गंजवतो.

जुलैत ओपिनेलची लाकडी मूठ फुगते आणि पातं आत अडकतं. नखं तोडून घेऊ नका. रिंग मोकळी करून मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोका, पातं थोडं वर येतं. सावोयचे लोकही हेच करतात.

धारेसाठी सायकलवर साण घेऊन येणाऱ्या धारवाल्याकडे घरच्या सुऱ्या आणि विळी खुशाल द्या, त्याचा हात त्या कामात मुरलेला असतो. घडीच्या चाकूचं पातळ पातं मात्र फिरत्या साणेवर तापून निळं पडतं आणि मग धार टिकत नाही. १००० ग्रिटचा दगड आणा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा), पाण्यात भिजवा, पातं साधारण २० अंशांवर धरा आणि धार पुढे ठेवून, दगडाचा पातळ थर कापल्यासारखं हलक्या हाताने ढकला. दुसऱ्या बाजूला बारीक कणी उठलेली बोटाला जाणवली की पातं उलटा. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर मागे ओढत दहा वेळा फिरवा. वर्तमानपत्राचा कागद आवाज न करता कापला गेला की झालं. मग पातं पुसा, बोटं धारेच्या वाटेतून बाजूला घ्या आणि तळहाताने पाठीवर दाबून सावकाश मिटा.